कागलला एक कर, निपाणीला दुसरा

कर्नाटकातल्या सीमेवरच्या निपाणीत कुणी नवी गाडी घ्यायची म्हटलं की सल्ला ठरलेला: "कोल्हापूर पासिंग करा, टॅक्स कमी बसतो." हिशोब खोटा नाही. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात १४ टक्के आजीवन कर, म्हणजे १ लाख १२ हजार. महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. मात्र त्यासाठी पत्ता तिकडचा लागतो, आणि पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घेणाऱ्यांची डोकेदुखी पुढं सुरू होते.

कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवरचं उत्पादन शुल्क आणि परदेशी गाडीवरचं सीमाशुल्क, दोन्ही केंद्राची. २०१७ मध्ये उत्पादन शुल्क आणि राज्यांचा व्हॅट जीएसटीत विरले. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के लागतात. हे दर महाराष्ट्रातल्या कागलला तेच, निपाणीलाही तेच. फरक पडतो तो रोड टॅक्सचा, म्हणजे वर सांगितलेल्या आजीवन कराचा, कारण राज्यघटनेनं वाहनांवरचा कर राज्यांच्या हाती दिला.

संस्थानी काळात तर बेळगाव इंग्रजांचं, लगतचं शहापूर सांगलीकरांचं आणि रायबाग कोल्हापूरकरांचं. जकातही ज्याची त्याची. १९४८-४९ च्या विलीनीकरणानंतर हा सगळा मुलूख मुंबई राज्यात आला. पण ते सुख जेमतेम सात-आठ वर्षांचं! १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मग म्हैसूरनं १९५७ मध्ये आणि मुंबईनं १९५८ मध्ये वाहनकराचे आपापले कायदे केले. सीमाप्रश्नाच्या भाषणांत हा मुद्दा सहसा येत नाही, खिशाला मात्र तोच लागतो.

कोल्हापूर पासिंगची, म्हणजे एमएच-०९ ची गाडी इकडं किती दिवस चालवायची, यावरही वाद झाला. केंद्राचा कायदा बारा महिन्यांनंतर नवा नंबर घ्यायला सांगतो. कर्नाटकानं २०१४ मध्ये तीस दिवसांनंतरच आजीवन कर मागायला सुरुवात केली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली.

गाडी कायमची इकडं आणायची तर आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी, मग इथं गाडीचं वय धरून कर, आणि नवा केए नंबर पडल्यावर तिकडं उरलेल्या कराच्या रिफंडचा अर्ज. म्हणजे पैसे आधी खिशातून जातात, परत येतात सवडीनं. मूळ कराची पावती तोवर हाताशी ठेवावी.