साखरेची काच, फेसाचं भूत

31 ऑक्टोबरला, हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या रात्री, आयर्लंडपासून अमेरिकेपर्यंत घरोघरी जी टेबलं मांडली जातात त्यांवर केकमध्ये रुतलेल्या काचा असतात, काचांवरून ओघळलेलं रक्त असतं, पांढरीफटक भुतं असतात, कोळ्यांची जाळी असतात. हे सगळं खायचं असतं आणि त्यातलं बरंचसं एकाच पदार्थाचं असतं. तीच साखर इथे काच होते, तिथे धागा, पलीकडे फेस. तिचं काय होणार हे ठरवतं पाणी: साखरेतून ते किती घालवलं आणि घालवलेलं पाणी परत येऊ दिलं का. या मिठाया फसतात त्या बहुतेक वेळा याच ठिकाणी.

काचेपासून सुरुवात करू, कारण सगळं शास्त्र तिच्यात एकवटलेलं आहे. साखर आणि पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवलं की पाणी उडत जातं, पाक घट्ट होतो आणि जसजसा घट्ट होतो तसतसा त्याचा उकळबिंदू चढत जातो. त्यामुळे पाकात खोचलेला थर्मामीटर खरं तर पाणी मोजत असतो. 115 अंश सेल्सिअसच्या आसपास पाक गोळीबंद होतो, तेव्हा त्यात अजून सुमारे 15 टक्के पाणी असतं. 150 अंशांना जेमतेम एक टक्का उरतं. मधल्या 35 अंशांत घाई करण्यासारखं काही नाही, पण 150 नंतर मात्र पातेल्यापाशीच उभं राहायला हवं. 160 च्या पुढे साखर तांबूस होऊ लागते आणि काच पिवळट दिसते.

आता हा पाक ताटात ओतून थंड केला, तर त्याची पुन्हा दाणेदार साखर का होत नाही? स्फटिक बनायला साखरेच्या रेणूंना ओळीत लागायला वेळ हवा आणि हलायला मोकळीक हवी. पाक झपाट्याने निवला की तो इतका घट्ट होतो की रेणू जिथे असतील तिथेच अडकून पडतात, आडवेतिडवे. अशा अडकलेल्या, विस्कळीत घन अवस्थेलाच विज्ञानात काच म्हणतात. खिडकीच्या काचेत सिलिका अडकलेली असते, इथे साखर.

तरीही एखादा चुकार स्फटिक सगळा डाव उधळू शकतो. पातेल्याच्या कडेला चिकटलेला साखरेचा कण पाकात पडला, की त्याभोवती बाकीचे रेणू गोळा होतात आणि बघता बघता सगळा पाक कणी धरतो. म्हणून ओल्या ब्रशने कडा पुसत राहायचं आणि पाक उकळू लागल्यावर ढवळायचं नाही. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे एक तृतीयांश साखरेच्या जागी ग्लुकोज सिरप वापरणं. त्यातले वेगळ्या घडणीचे रेणू साखरेच्या रांगेत घुसून तिची शिस्त मोडतात. लिंबाचे चार थेंबही थोडंफार हेच काम करतात, कारण आम्लामुळे काही साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते.

ताटातला पातळ थर पूर्ण निवला की तो उचलून टेबलावर हलकेच आपटायचा. जे तुकडे होतात ते खरोखर काचेचे होतात, धारदार कडांसकट. लहान मुलांसाठी त्या कडा गरम पाण्यात बुडवलेल्या चमच्याने मोडून घ्याव्यात. आणि पाक ओतताना मुलं ओट्यापासून लांबच हवीत: उकळतं पाणी 100 अंशांचं असतं आणि ओघळून जातं, हा पाक 150 अंशांचा असतो आणि कातडीला चिकटून राहतो.

काच झाली, की तिचा शत्रू हवेतच असतो. कोरड्या साखरेची काच साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत कडक राहते, पण पृष्ठभागाने दोन-चार टक्के पाणी ओढून घेतलं की हा आकडा झपाट्याने खाली येतो. मग खोलीच्या तापमानालाच ती चिकचिकीत होते, पुढे तिच्यावर पांढुरका थर येतो, म्हणजे मोकळ्या झालेल्या रेणूंनी अखेर रांग धरलेली असते. तुकडे हवाबंद डब्यात ठेवावेत आणि केकवर अगदी शेवटी, पाहुणे दारात आल्यावरच खोचावेत. क्रीममध्ये पाणी असतं आणि आदल्या रात्री खोचलेली काच सकाळपर्यंत तळाशी विरघळलेली सापडते.

वरून सोडायचं रक्तसुद्धा विचार करून निवडावं. खरं रक्त वाहतं ठेवलं की पातळ होतं आणि थांबलं की दाट. नुसत्या साखरेच्या पाकाला हा गुण नाही. तो एकाच संथ चालीने ओघळत राहतो आणि शेवटी खाली डबकं करतो. त्यात शिजवलेलं थोडं कॉर्नफ्लोअर किंवा रास्पबेरीचा गर मिसळला की ओघळ मध्येच थबकतो, थेंब लोंबकळत राहतो, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो नेमका त्या लोंबकळणाऱ्या थेंबामुळे.

कोळ्याची जाळी करायला अनेकजण कॉटन कँडी, म्हणजे जत्रेतले ‘बुढ्ढी के बाल’, वापरतात. तिचं यंत्र 1897 साली अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हार्टन यांनी बनवलं. व्हार्टन मिठाईवाले होते, आणि मॉरिसन चक्क दंतवैद्य. 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी तिचे 68,655 डबे विकले. तीही साखरेची काचच आहे, फक्त केसापेक्षा बारीक धाग्यांत ओढलेली. धागा जितका बारीक, तितका हवेला उघडा पडलेला पृष्ठभाग जास्त, म्हणून ती काचेच्या तुकड्याच्या कितीतरी आधी आक्रसून जाते. बाहेर पाऊस असेल तर माझं मत सरळ मार्शमॅलो या मऊ, फुगीर मिठाईच्या बाजूने पडतं. वितळवलेलं मार्शमॅलो बोटांच्या चिमटीत धरून ताणलं की त्यातल्या जिलेटिनमुळे लांबच लांब तंतू सुटतात. त्यात मुळातच 15 ते 20 टक्के पाणी असल्याने दमट हवेचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं.

भुतं बनतात मेरँगची, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून. फेटताना प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकींना धरून पातळ भिंती उभ्या करतात. पिवळ्या बलकाचा एक थेंबही आत गेला तर त्यातली चरबी त्या भिंतीत प्रथिनांची जागा बळकावते आणि फेस उभा राहत नाही. साखर चमचा-चमचा करून घालायची, ती भिंतींमधलं पाणी धरून ठेवते. पिशवीतून टोकदार भुतं पाडून झाली की ओव्हन 90 ते 100 अंशांवर, दीड ते दोन तास. इथे भाजायचं नसतं, वाळवायचं असतं. तापमान वाढवलं तर भूत बाहेरून तपकिरी आणि आतून ओलं राहतं. वेळ झाल्यावर ओव्हन बंद करून त्यातच निवू द्यावं, एकदम बाहेर काढलं तर तडे जातात.

चॉकलेटचं गणित उलटं वाटतं, पण तिथेही पाणीच आडवं येतं. भुताचा हिरवा चेहरा करायचा म्हणून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये पातळ खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकले, की ते क्षणात घट्ट, खरखरीत गोळा होतं. चॉकलेट म्हणजे कोकोच्या स्निग्धांशात तरंगणारे साखरेचे कोरडे कण. थोडंसं पाणी मिळालं की त्या कणांचे पृष्ठभाग ओले होऊन एकमेकांना चिकटतात. म्हणून रंग तेलात मिसळणारा किंवा पूडच हवा. वटवाघळांसाठी काळाकुट्ट रंग हवा असेल तर रंगाची गरजच नाही, अल्कलीने जास्त प्रक्रिया केलेली काळी कोको पावडर बिस्किटांच्या पिठात पुरते.

जेलीत मात्र पाणी हवंच, आणि तिथे ते टॉनिक वॉटर, म्हणजे क्विनीन हे कडू औषध घातलेलं सोडा-पेय, असलं तर जेली अतिनील दिव्याखाली निळी उजळते. त्यातलं क्विनीन डोळ्याला न दिसणारा प्रकाश शोषून निळा बाहेर टाकतं. शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी हा निळा उजेड 1845 मध्ये नोंदवला आणि जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये त्याचा उलगडा केला. या जेलीत मीठ अजिबात घालू नये: मिठातले क्लोराइड आयन क्विनीनची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतात आणि उजेड मंदावतो. क्विनीन सोसत नाही अशांनी आणि गरोदर बायकांनी ही जेली टाळावी.

सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी मिठाई म्हणजे काडीला खोचलेलं कॅरमेलचं सफरचंद. 2014 च्या शरदात अमेरिकेत याच सफरचंदांमधून लिस्टेरिया जिवाणू पसरले. 12 राज्यांत 35 जण आजारी पडले, त्यांतले 7 दगावले. हे कोड्यात टाकणारं होतं, कारण कॅरमेलमध्ये जिवाणूंना वापरता येईल इतकं पाणी नसतं आणि सफरचंद आंबट असतं, दोन्ही ठिकाणी लिस्टेरियाची वाढ अवघड. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्रयोगांतून उत्तर मिळालं: काडी खोचताना सफरचंदाचा रस निघतो आणि साल व कॅरमेल यांच्या मध्ये साचतो. तेवढ्या ओलीत जिवाणूंचं फावतं. काडी खोचलेल्या सफरचंदांवर खोलीच्या तापमानाला तीन दिवसांत ते हजारपटीने वाढले. अशी सफरचंदं केली तर त्याच दिवशी संपवावीत, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून लवकर खावीत.

ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, धूर करणार असाल, तर तो भांड्याबाहेर ठेवा, पिण्याच्या ग्लासात नको. उणे 78.5 अंशांचा तुकडा गिळला गेला तर अन्ननलिका जळते, आणि बंद डब्यात ठेवला तर वायूच्या दाबाने डबा फुटतो. दिसतो तो धूर कार्बन डायऑक्साइडचा नसून थंडीने बाष्पापासून बनलेल्या पाण्याच्या बारीक थेंबांचा असतो.

एवढं जमवल्यावरही एखादं मूल डोळ्याच्या आकाराची जेली तोंडात घालायला नकार देतं. त्याला हट्टी म्हणू नये. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्र्याच्या विष्ठेच्या आकाराचा चॉकलेट फज मोठ्या माणसांनाही नकोसा वाटला, तोच फज गोल वडीच्या रूपात चालला. दुसऱ्या प्रयोगात लोकांसमोर दोन बाटल्यांत साखर ओतली आणि एकीवर ‘साखर’, दुसरीवर ‘सोडियम सायनाइड’ या जहाल विषाची चिठ्ठी त्यांच्याच हाताने लावून घेतली. तरीही दुसऱ्या बाटलीतली साखर घातलेलं पाणी प्यायला लोक बिचकले. खरं काय ते ठाऊक असूनही किळस हटत नाही, म्हणून समजावणीचा उपयोग होत नाही. त्या मुलासाठी त्याच जेलीच्या चार साध्या, चौकोनी वड्या वेगळ्या ताटलीत काढून ठेवाव्यात.