टर्बो बदलण्याआधी कॉम्प्रेशन मोजा

जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचा दम गेला, मागून निळा धूर दिसू लागला की पहिला संशय टर्बोवरच जातो. पण सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनच, म्हणजे पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाबच, टिकत नसेल, तर नवा टर्बो बसवूनही गाडी तशीच राहते.

मोजणीच्या वेळी इंजिन गरम आणि बॅटरी पूर्ण चार्ज असावी. इंधन पंप आणि इग्निशन बंद करून सगळे स्पार्क प्लग काढा, प्लगच्या भोकात दाबमापक बसवा, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा. थ्रॉटल मिटलेला राहिला तर आत हवाच येत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन सारख्याच वेळा, पाच-सहा वेळा हवा दाबेपर्यंत सेल्फ मारा.

टर्बो हवा आधीच दाबून देतो, त्यामुळे नॉकिंग (पेट्रोल-हवेचं मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटणं) टाळण्यासाठी जुन्या टर्बो इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो ते प्रमाण) मुद्दाम कमी, साधारण 8:1 ते 9:1 ठेवलेला असतो. म्हणून मापकावर 130 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब पाहून लगेच घाबरू नये. त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधली मर्यादा पाहावी. खरी खूण सिलिंडरांमधल्या फरकात असते. तीन सिलिंडर 140 च्या आसपास आणि चौथा 95, म्हणजे दुखणं नक्की. सगळेच सारखे कमी असतील, तर इंजिन उघडण्याआधी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) एखादा दात सरकलाय का ते तपासा.

कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर, सुमारे 5 मिली इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या, नाही चढला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा), असा ढोबळ नियम आहे. टर्बो इंजिनात तो दोनदा फसवतो. टर्बोच्या सीलमधून इनटेकमध्ये तेल झिरपत असेल, तर सिलिंडर आधीच ओला असतो आणि पहिलाच आकडा खोटा चांगला येतो. इंटरकूलरची (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाची) नळी काढून आत तेल साचलंय का पाहावं. दुसरं, नॉकिंगमुळे पिस्टनवरची दोन रिंगांमधली कड तुटली असेल, तर ती गळती चमचाभर तेलानं भरत नाही. दोष पिस्टनचा आणि आळ व्हॉल्व्हवर!

याचा निकाल लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं, लावते. त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या सर्वांत वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून 100 पीएसआय हवा सोडतात. या दाबानं इंजिन झटक्यात फिरू शकतं, म्हणून क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवू नये. रिंगांच्या फटीतून थोडी गळती प्रत्येक इंजिनात होते. ती 20 टक्क्यांच्या पुढे गेली की कान लावून शोध घ्यायचा. तेलाच्या झाकणाशी फुसफुस आली तर पिस्टन किंवा रिंग, थ्रॉटलशी आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन निवल्यावरच उघडा.

तुटलेला पिस्टन निघाला, तर नवा बसवण्याआधी वेस्टगेटची (बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) नळी चिरली आहे का आणि त्या सिलिंडरचा इंजेक्टर पुरेसं पेट्रोल देतो का, हे तपासा. बूस्ट जास्त किंवा पेट्रोल कमी राहिलं, तर नवा पिस्टनही त्याच जागी तुटतो.