पार्श्वभूमी : मेंदूतला फुगा फुटणार का, हे सांगणारा आकडा येतो कुठून?

डोकेदुखी थांबेना म्हणून कोल्हापुरात कुणी एमआरआय काढतं आणि रिपोर्टात भलतंच निघतं : मेंदूच्या धमनीवर ५ मिमीचा फुगा, म्हणजे धमनीच्या कमजोर झालेल्या भिंतीला आलेला फुगवटा. तो फुटला तर डोक्यात रक्तस्राव. मग रिपोर्टची पिशवी घेऊन घरचे राजारामपुरी, शाहूपुरीतले दवाखाने पालथे घालतात. प्रश्न एकच : 'डॉक्टर, हे फुटंल काय?'

पूर्वी फुगा कळायचा तो बहुतेक वेळा फुटल्यावरच. १९२७ मध्ये लिस्बनला डॉक्टर एगाश मोनिझ यांनी मेंदूची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे) केली, १९३७ मध्ये बाल्टिमोरला सर्जन वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेला चिमटा, म्हणजे क्लिप, लावून त्यात जाणारं रक्त बंद केलं. पण न फुटलेल्याला हात लावायचा का, हा पेच स्कॅन सर्रास होऊ लागल्यावरचा. शंभर प्रौढांत तिघांना असा फुगा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. ऑपरेशनचा धोका मात्र आजच पत्करावा लागतो.

२००३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने सांगितलं की मेंदूच्या पुढच्या भागातला, ७ मिमीहून लहान फुगा, आधी रक्तस्राव झालेला नसेल तर पाच वर्षांत फुटण्याची शक्यता शून्य. सर्जन मंडळींना हे पटेना, कारण रक्तस्राव होऊन येणाऱ्यांत लहान फुगेच भरपूर. शिवाय ज्यांचा फुगा धोक्याचा वाटला त्यांच्यावर आधीच उपचार झाले, नुसती देखरेख उरली ती बाकीच्यांवर. मग असा शून्य निघाला तर नवल काय? २०१२ मध्ये जपानने ६,६९७ फुग्यांचा हिशेब मांडला : वर्षाला ०.९५ टक्के फुटतात, आणि आकाराइतकीच जागाही महत्त्वाची.

२०१४ मध्ये असे सहा अभ्यास, ८,३८२ रुग्ण एकत्र करून 'फेजेस' ही गुणपद्धत आली. वंश, रक्तदाब, वय, आकार, आधीचा रक्तस्राव आणि जागा यांना गुण द्यायचे. साठीचा, बीपीची गोळी चालू असलेला, दोन्ही बाजूंच्या पुढच्या धमन्या जोडणाऱ्या नसेवर ५ मिमीचा फुगा असलेला माणूस घ्या. फिनलंड सोडून युरोपचा किंवा अमेरिकेचा असेल तर त्याचे ५ गुण, म्हणजे पाच वर्षांत १.३ टक्के धोका. तोच जपानी असेल तर ८ गुण, ३.२ टक्के. फिनलंडचा असेल तर १० गुण, ५.३ टक्के. आपल्या माणसाचा रकानाच नाही! त्याला कुठे बसवायचं, हे डॉक्टरने अंदाजानेच ठरवायचं.

दुसरी खोट मला जास्त खुपते. या गुणांत धूम्रपान नाही. सगळ्या अभ्यासांत त्याची नोंद नव्हती म्हणून ते गळलं. हेलसिंकीत १४२ रुग्णांवर उपचार न करता कित्येक दशकं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा सिगारेट हे फुटण्याचं ठळक कारण निघालं होतं. निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला लागून असलेल्या कोल्हापुरात बिडी-सिगारेटचा प्रश्न गुणपत्रिकेत नसला तरी विचारावाच लागतो.

आता संशोधन वळलंय फुग्याच्या भिंतीकडे : रक्ताचा प्रवाह तिला कसा घासतो, तिथे दाह आहे का. कमी घर्षण वाईट की जास्त, यावर अजून वाद आहे. तोवर बिनउपचाराचा फुगा ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करून बघायचा आणि वाढला तर क्लिप किंवा कॉइलचा (फुग्यात बारीक तार भरून तो बंद करण्याचा) विचार करायचा, हीच रीत.