परदेशातली कॉल सेंटरं: कंपन्या ग्राहकसेवा देशाबाहेर का हलवतात

कंपनीचा ग्राहक एका देशात आणि त्याचा फोन उचलणारा माणूस भलत्याच देशात, अशी व्यवस्था असली की तिला ऑफशोअर कॉल सेंटर म्हणतात. ओहायोत कुणाचं क्रेडिट कार्ड अडकलं तर फोन वाजतो गुरगावला, नाहीतर मनिलाला. काही कंपन्या परदेशात स्वतःचंच ऑफिस काढतात, बाकीच्या जेनपॅक्ट, डब्ल्यूएनएस, टेलिपरफॉर्मन्स असल्या कंपन्यांना ठेका देतात.

कारण विचारलं की सगळे एकच सांगतात, पगार. ते खोटं नाही. २००० च्या आसपास अमेरिकेत हेडसेट लावून बसणाऱ्याला तासाला साधारण १०-१२ डॉलर द्यावे लागायचे, म्हणजे महिन्याचे दोन हजार डॉलरच्या आसपास, आणि आपल्याकडे नवीन पोराला महिन्याला ८-१० हजार रुपये दिले तरी तो खूश, कारण तेव्हा बीए-बीकॉम झालेल्याला दुसरीकडे तेवढे कोण देत होतं. पण दहापट फरक दिसतो म्हणून बचतही दहापट होते असं नाही. ने-आण करायला कॅब, रात्रीचं जेवण, जनरेटर, महिना-दीड महिन्याचं ट्रेनिंग, आणि ट्रेनिंग संपून फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष कॉल घ्यायला, उभा राहिलेला पोरगा सहा महिन्यांत समोरच्या कंपनीत दोन हजार जास्त मिळतात म्हणून उडी मारणार, की परत नवीन भरती आणि परत ट्रेनिंग. हे सगळं वजा केल्यावर जी बचत उरते ती बरीच कमी असते, तरी जाण्याजोगी असते.

आता पगारातली तफावत तर १९८० सालीही होती, मग तेव्हा का नाही गेली कॉल सेंटरं? कारण परदेशी फोनचं मिनिटच इतकं महाग होतं की पगारात वाचवलेलं सगळं बिलात गेलं असतं. अमेरिकेत एटी अँड टीने १९६७ मध्ये टोल-फ्री नंबर आणले, १९७० च्या दशकात आलेले कॉल आपोआप रिकाम्या माणसाकडे वळवणारी यंत्रं आली, पण हे सगळं देशातल्या देशात. देशाबाहेरचा रस्ता उघडला तो १९९० च्या दशकाच्या शेवटी, समुद्राखालच्या फायबर केबलनी. मुंबईला फ्लॅग केबल आली, मग सी-मी-वी ३ आली, आणि २००१ च्या सुमारास डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटल्यावर जगभर टाकून ठेवलेली केबल मातीमोल भावात मिळायला लागली. इकडे १९९९ चं नवीन टेलिकॉम धोरण आलं, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉलवरची व्हीएसएनएल या सरकारी कंपनीची मक्तेदारी गेली. २००० मध्ये सरकारने कॉल सेंटरच्या कामालाही सॉफ्टवेअर निर्यातीसारखी आयकर सवलत दिली, ती २०११ पर्यंत चालली. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत आणि जीई कॅपिटलने १९९७ मध्ये गुरगावात जे सुरू केलं होतं, त्यामागे बाकीचे धावले ते या सगळ्यानंतर.

पण माझ्या मते खरं कारण यापेक्षा आत आहे. कंपनीच्या हिशेबात कस्टमर केअर हा खर्चाचा रकाना असतो. विक्रीचा माणूस पैसे आणतो, तक्रार ऐकणारा फक्त घालवतो, असं वरच्या मजल्यावर बसलेल्यांना वाटतं. मग त्या खर्चाचं माप काय, तर एक कॉल कितीला पडला. आणि कॉलचं एकदा असं माप ठरलं की तो स्क्रिप्टमध्ये बसवता येतो, सेकंदावर मोजता येतो (एका कॉलला लागणाऱ्या या सरासरी वेळेला फ्लोअरवर एएचटी म्हणतात, एजंटचा अर्धा जीव त्यातच जातो), आणि ज्याचं स्क्रिप्ट झालं ते कुठेही नेता येतं. नीट बघितलं तर सगळेच कॉल बाहेर जात नाहीत. पासवर्ड विसरलो, बिल कळलं नाही, पार्सल कुठे अडकलं, हे जातात. मोठा पैसेवाला खातेदार किंवा कनेक्शन बंद करतो म्हणून धमकी देणारा ग्राहक, यांचे कॉल बरेचदा मायदेशातच ठेवतात. म्हणजे कुठला कॉल किती लांब जाणार हे पगारासोबत त्या ग्राहकाची कंपनीला किती किंमत आहे यावरही ठरतं.

वेळेचा फायदाही मोठा सांगतात पण तो अर्धाच खरा. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. त्यांच्या दिवसाला आपण रात्र घालवायची, त्यात कंपनीला घड्याळाचा फायदा असा काही नाही, फायदा फक्त त्यांच्या रात्रीचे कॉल आपण दिवसा उचलतो तेव्हा, कारण तिकडे रात्रपाळीला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर जास्त मागतात. यूकेची शिफ्ट मात्र माणसात ठेवते, दुपारी सुरू होऊन रात्री संपते, म्हणून ती मिळवायला फ्लोअरवर वशिले लागतात.

भाषेचं गणित सरळ आहे, जुन्या राज्यकर्त्यांच्या मागोमाग कॉल जातात. फ्रान्सचे मोरोक्को, ट्युनिशिया, मादागास्करला. स्पॅनिश कॉल कोलंबियाला. अमेरिकेचे फिलिपिन्सला, आणि २०१० च्या सुमारास तर व्हॉइसच्या, म्हणजे फोनवर बोलायच्या, कामात फिलिपिन्सने भारताला मागे टाकलं, कारण त्यांचं इंग्रजी अमेरिकी कानाला जवळचं लागतं. आपल्या पोरांची एमटीआय, म्हणजे बोलण्यात डोकावणारी मातृभाषा, घालवायला ट्रेनर ठेवायचे, सुनीलचा स्टीव्ह करायचे, आणि तरी पहिल्याच वाक्याला समोरचा ओळखायचा. पोर्तुगीज कॉल गोव्यात का नाही आले असं कुणी विचारेल. १९६१ पूर्वी शाळेत पोर्तुगीज शिकलेली पिढी आता आजी-आजोबा आहे, तिला कोण हेडसेट लावणार.

गोव्याचं एकूणच वेगळं आहे. इंग्रजी बोलणारी, परक्याशी बोलताना न बुजणारी पोरं म्हापसा-मडगावात भरपूर, तरी गुरगाव-पुण्यासारखी मोठी सेंटरं इथे उभी राहिली नाहीत. अशा सेंटरला एका शहरात हजारो माणसं लागतात, आणि सोडून गेली की लगेच तेवढीच दुसरी, आणि २०११ च्या जनगणनेत आख्ख्या राज्याची वस्ती होती साडेचौदा लाख. त्यातले शिकलेले सरकारी नोकरीच्या मागे, नाहीतर बोटीवर, गल्फमध्ये, किंवा, ब्रेक्झिट होईपर्यंत, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला. (तिकडे बसून बँकेला फोन लावायचा आणि उचलणारा निघायचा पुण्याचा, असंही होत असेल.) दोनापावलाला आयटी हॅबिटॅट (आयटी कंपन्यांची वसाहत) काढलं होतं, लोकांनी विरोध केला, ते रखडलं. आणि कळीची गोष्ट म्हणजे रात्र. डिचोली-वाळपईच्या पोरीला पहाटे चारला पणजीहून घरी कशी सोडायची? बस नाही, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाला) नाही, कॅबच लावायला हवी, आणि एकेका गावाला एकेक गाडी लावली तर वाचवलेले पैसे डिझेलमध्येच जातात. बाईमाणसाला रात्री एकटं सोडायचं नाही, गाडीत गार्ड हवा, हे नियम पुण्या-बंगळुरात काही भयंकर घटना घडल्यावरच कडक झाले.

या धंद्याची एक काळी बाजूही आहे. तेच हेडसेट, तेच इंग्रजी घेऊन बोगस सेंटरं चालतात. २०१६ मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी छापा घातला तेव्हा अमेरिकी आयकर खात्याच्या नावाने धमकावणारे सातशेवर लोक सापडले. गोव्यातही भाड्याच्या बंगल्यांतून असली सेंटरं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात.

गेलेली कॉल सेंटरं परतही येतात. डेलने २००३ मध्ये कंपन्यांना द्यायच्या कॉम्प्युटर सपोर्टचे काही कॉल बंगळुराहून परत अमेरिकेला वळवले, सँटँडर बँकेने २०११ मध्ये यूकेचे कॉल भारतातून मायदेशी नेले, दोन्हीकडे ग्राहकांची ओरड हेच कारण. सामान्य घरगुती ग्राहक ओरडला तर डेलने ते तेवढं मनावर घेतलं नव्हतं हेही लक्षात घ्या. आता तोच स्क्रिप्टवाला कॉल मनिलाऐवजी मशीनकडे चाललाय. स्वीडनच्या क्लार्ना या पेमेंट कंपनीने २०२४ मध्ये आमचा एआय ७०० एजंटांचं काम करतो म्हणून जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी परत माणसं घ्यायला लागली.