आधी जमीन, मग ट्रेलर: विनाचालक गाड्यांच्या प्रश्नाची नवी मुंबईतली पार्श्वभूमी

नवी मुंबई आणि उरणच्या पट्ट्यात ट्रेलर, म्हणजे बंदरातले कंटेनर वाहून नेणारी लांब गाडी, हा शेताच्या जागी आलेला आहे. हे लक्षात घेतलं, की विनाचालक गाड्यांचा विषय निघाल्यावर इथली माणसं एकदम गप्प का होतात ते कळतं.

केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०१७मध्ये सांगितलं, की विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. कारण दिलं ते ड्रायव्हर लोकांच्या रोजगाराचं. डिसेंबर २०२३मध्ये नागपुरात त्यांनी हीच भूमिका पुन्हा मांडली. आमच्याकडे बऱ्याच जणांनी ती बातमी ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय मिटला असं धरलं. मला तो मिटलेला वाटत नाही. ट्रेलरचं कर्ज चार-पाच वर्षं फेडायचं असतं, आणि ते घेणारा पुढची दहा-पंधरा वर्षं गाडीला काम असेल हे धरूनच सही करतो. जासईचा माझा मामेभाऊ सध्या दुसरा ट्रेलर घ्यावा की नाही या विचारात आहे. त्याने मला विचारलं, "दादा, तू वाचतोस ना हे सगळं? घेऊ का?" हे टिपण त्याच्या प्रश्नामुळे लिहायला घेतलं.

चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा शहरासाठी ठरला. नकाशावर ती मोकळी जागा दिसत असेल, पण ती मोकळी नव्हती. तिथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. ज्याच्याकडे शेत नव्हतं त्याच्याकडे होडी होती, आणि ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं तो मिठागरावर मजुरीला जात होता. मोबदला मिळाला तो जमिनीच्या मालकाला. होडीवाल्याचा आणि मिठागरावरच्या मजुराचा सातबारा नव्हता, त्यामुळे त्यांचं काम गेलं तरी कागदोपत्री काहीच गेलं नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर उतरले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, हे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आलं आणि १९९०च्या दशकात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आमच्या भागात आजही कोणी नुसतं "साडेबारा टक्के" म्हटलं, तर पुढे काही सांगावं लागत नाही.

मधल्या काळात, २६ मे १९८९ रोजी, न्हावा-शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. बंदरात पाळ्यांवर घेतलेली स्थानिक मुलं थोडी. बाकीच्यांनी काय करायचं? ज्यांच्या हातात मोबदल्याचे किंवा प्लॉट विकल्याचे पैसे आले, त्यांनी गाड्या घेतल्या. डंपर, टेम्पो, पाण्याचे टँकर, कंपनीच्या भाड्याला लावायला सुमो, आणि बंदरासाठी ट्रेलर. माझ्या मामांनी भावाभावांत वाटणी होऊन आलेल्या पैशांत १९९०च्या दशकाच्या शेवटी एक जुना ट्रेलर घेतला. पहिल्या दिवशी घरासमोर उभा करून त्याला नारळ फोडला आणि आजीने चाकांवर पाणी घातलं, जसं ती पेरणीआधी बैलांच्या पायांवर घालायची. तेव्हा मी शाळेत होतो. घरात एक वाक्य सारखं ऐकू यायचं: हा आता आपला सातबारा.

ट्रेलरला काम देणारा कंटेनरसुद्धा कोणाचं तरी काम घेऊनच आला होता. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्कहून ह्युस्टनकडे आयडियल-एक्स नावाचं जहाज निघालं, त्यावर ५८ कंटेनर होते. माल्कम मॅकलीन हा ट्रकच्या धंद्यातला माणूस त्यामागे होता. गोणी, पेट्या, पिंपं एकेक करून चढवण्या-उतरवण्याऐवजी अख्खा डबाच क्रेनने उचलायचा, एवढीच कल्पना. पण तिने जगभरच्या गोदी कामगारांची गरज पार कमी करून टाकली, आणि जुन्या गोद्या मागे पडून नवी कंटेनर बंदरं उभी राहिली. न्हावा-शेवा हे त्या लाटेतलंच बंदर. मुंबईच्या गोदीत पाठीवर माल वाहणाऱ्यांचं काम घटलं, तेव्हा खाडीच्या या बाजूला ट्रेलरवाल्यांचं काम वाढत होतं. एकाच बदलाची ही दोन टोकं आहेत आणि आम्ही नशिबाने दुसऱ्या टोकाला होतो.

विनाचालक गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतली टॅक्सी येते. तिचा इतिहास थोडक्यात सांगतो. मार्च २००४मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोहावीच्या वाळवंटात स्पर्धा ठेवली, बक्षीस १० लाख डॉलर. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही, सर्वांत पुढे गेलेली १२ किलोमीटरच्या आतच अडकली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५मध्ये, ५ गाड्यांनी २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची स्टॅनली जिंकली. २००९मध्ये गूगलने काम हाती घेतलं, त्यातून वेमो ही कंपनी निघाली, आणि ऑक्टोबर २०२०मध्ये फिनिक्स परिसरात सीटवर कोणीही नसलेल्या टॅक्सीत सामान्य ग्राहक बसू लागले. वाटेत जीवही गेले. मार्च २०१८मध्ये ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवलं. देखरेखीला बसवलेल्या चालकाची नजर तेव्हा रस्त्यावर नव्हती.

पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचा इतिहास टॅक्सीचा नाहीच. चालकाविना अवजड वाहन त्याच्या कितीतरी आधी बंदरात आलं. रॉटरडॅमच्या कंटेनर टर्मिनलवर १९९३पासून, म्हणजे माझ्या मामांनी ट्रेलर घेण्याच्याही आधीपासून, क्रेनखालून डबे उचलून यार्डात, म्हणजे डबे ठेवायच्या आवारात, नेणाऱ्या गाड्यांना केबिनच नाही. २००८मध्ये चिलीतल्या गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत कोमात्सूचे विनाचालक डंपर फिरू लागले. ऑस्ट्रेलियातल्या पिल्बराच्या लोहखाणींतले असे डंपर पर्थ शहरातून, सुमारे दीड हजार किलोमीटर लांबून, सांभाळले जातात. आणि २०२५मध्ये ऑरोरा या कंपनीने टेक्सासात डॅलस ते ह्युस्टन महामार्गावर विनाचालक ट्रकची व्यापारी वाहतूक सुरू केली. पहिले कंटेनर ज्या ह्युस्टनला उतरले, त्याच गावात हे ट्रक ६९ वर्षांनी पोचले.

यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कुंपणाच्या आतली जागा, जिथे पादचारी नाही, रिक्षा नाही, गुरं नाहीत. मग ठरलेला, सरळ महामार्ग. शहरातली गल्ली सगळ्यांत शेवटी. ठाण्यात घोडबंदर रोडला पावसाळ्यात जो कधी गेला असेल, त्याला हा क्रम समजावून सांगायला नको. जुलैत रस्त्यावरचे पट्टे दिसत नाहीत, खड्डा कुठे आणि नुसतं साचलेलं पाणी कुठे हे रोज जाणाऱ्यालाच माहीत असतं, आणि गायमुख घाटात उलट्या बाजूने येणारी दुचाकी हा नियमच आहे. वेमोच्या एका गाडीवर २९ कॅमेरे असायचे, तरी त्या गाडीसाठी प्रत्येक रस्त्याचा नकाशा आधी बारकाईने तयार करावा लागतो. आमचा रस्ता दोन महिन्यांत खोदला जातो. पामबीच मार्गासारखा रुंद, सरळ रस्ता त्यामानाने सोपा, म्हणून प्रवासी गाडी कधी आलीच तर तिथून सुरू होईल असा माझा अंदाज आहे.

प्रवाशांच्या बाजूने फायदा मी नाकारत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली बरीच झोप, दारू, वेग आणि चुकीच्या ओव्हरटेकमुळे गेली, आणि यंत्राला झोप येत नाही. करळ फाट्याकडच्या रस्त्यावर माझ्या वर्गातली दोन मुलं अवजड गाडीखाली गेली. म्हणून "आमचा रोजगार जातो, सबब यंत्र नको" असं मी म्हणणार नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाला रात्री अडीचला दवाखान्यात नेणारी गाडी मिळाली तर ती हवीच. मात्र त्याच माणसाला जिन्यावरून धरून खाली आणणारा आज रिक्षावालाच असतो, आणि शाळेच्या व्हॅनमधल्या काकांना कोणत्या मुलाची आजी खाली येते आणि कोणाचं घर बंद असतं हे पाठ असतं. त्या कामाचे वेगळे पैसे कधी कोणी दिले नाहीत, त्यामुळे ते काम आहे हेही हिशेबात येत नाही.

ट्रेलरचंही तसंच आहे. गेल्या पावसाळ्यात मी मामेभावाबरोबर एक रात्र केबिनमध्ये बसलो. रात्री नऊला यार्डातून भरलेला डबा घेऊन निघालो, बंदर जेमतेम पंधरा किलोमीटर. गाडी प्रत्यक्ष चालली ती तासाभरापेक्षा कमी. बाकी वेळ काय केलं? निघण्याआधी डब्याचा नंबर आणि सीलचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. चारही कोपऱ्यांची लॉकं हाताने ओढून बघितली, त्यातलं एक गंजून घट्ट झालं होतं, ते हातोडीने बसवलं. फॉर्म तेराची, म्हणजे डबा बंदरात आत न्यायच्या कागदाची, प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरली, कारण केबिन गळत होती. रांग पुढे सरकेना तेव्हा एजंटाला चार फोन केले. पहाटे तीनला गेटवर एक आकडा चुकलेला निघाला आणि तो दुरुस्त होईपर्यंत गाडी बाजूला घ्यावी लागली. तेव्हा मामेभाऊ आमच्या बोलीत म्हणाला, "गारी चालवनं सोप्पं हाय, गेट पार करनं कठीन." थांबलेल्या वेळेचे पैसे त्याला मिळाले नाहीत. फेरीचं भाडं ठरलेलं असतं.

विनाचालक गाडी आली तरी सील कोणीतरी तपासायला लागेल, लॉक कोणीतरी ठोकायला लागेल. काम सगळं जाणार नाही. जाईल ती मालकी. आज एक-दोन गाड्यांचा मालक स्वतःच चालक असतो किंवा भावाला, पुतण्याला बसवतो, त्यामुळे पगार आणि नफा दोन्ही घरात राहतात. विनाचालक ट्रक हा असा एकेकट्याने हप्त्यावर घ्यायचा माल नाही. त्याला नकाशा लागतो, लांबून देखरेख करणारी खोली लागते, सतत बदलणारी संगणक प्रणाली लागते. तो कंपनीच्या ताफ्यातच परवडतो. म्हणजे आजचा मालक उद्या रोजंदारीवर लॉक ठोकणारा होईल, ही माझी खरी भीती आहे.

असं काम जाताना आवाज होत नाही हे आपण नुकतंच पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोलीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. रांगेतून सुटल्याचा आनंद मलाही झाला. काचेआड बसून सुटे पैसे देणारी मुलं पुढे कुठे गेली, हे मी त्या वेळी कोणाला विचारलं नाही.

कायद्याची स्थिती अशी, की १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३नुसार सार्वजनिक जागी वाहन चालवायला परवानाधारक माणूस लागतो. पण २०१९च्या दुरुस्तीने त्यात कलम २ब आलं. नवकल्पना आणि संशोधनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकतं, असं त्यात आहे. चाचणीपुरतं का होईना, दार किलकिलं झालं आहे. तेव्हा मंत्र्यांच्या वाक्यापेक्षा या कलमाखाली कोणत्या अटी येतात, याकडे ट्रेलर मालकांच्या संघटनांनी लक्ष द्यायला हवं.

अटी कोणत्या असाव्यात, याचे दोन नमुने याच जिल्ह्यांत आहेत. एक, १९६९चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे तो झाला. हमाल कोणा एकाचा नोकर नसतो, रोज वेगळ्या मालकाचा माल उचलतो, म्हणून त्याला काहीच मिळत नव्हतं. कायद्याने मंडळ नेमलं, मालकाने मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे मंडळाकडे जादा रक्कम, भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना. मुंबईतले घाऊक बाजार तुर्भे-वाशीला आले, तेव्हा ही व्यवस्थाही त्यांच्याबरोबर आली. विनाचालक गाडीच्या प्रत्येक फेरीवर अशी लेव्ही बसवता येईल. दुसरा नमुना साडेबारा टक्क्यांचा. बंदरात किंवा बंदरालगत अशा गाड्यांना परवाना देताना ठरावीक हिस्सा प्रकल्पग्रस्तांच्या सहकारी संस्थांच्या मालकीचा असावा. या वेळी मात्र गाडी मालकाबरोबर चालक आणि क्लीनरचीही यादी आधी करून ठेवावी. १९७०मध्ये होडीवाल्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

मामेभावाला मी एवढंच सांगितलं. बंदर ते यार्ड ही छोटी, ठरलेली, रात्रंदिवस तीच ती फेरी यंत्राला सर्वांत आधी जमेल. नाशिक, जुन्नर, नगरकडून द्राक्षं नाहीतर कांदा घेऊन येणारी, गावातल्या शेडपर्यंत जाणारी फेरी सर्वांत उशिरा. दुसरी गाडी घ्यायचीच असेल तर त्या कामासाठी घे, कर्ज चार वर्षांपेक्षा लांबवू नकोस, आणि संघटनेच्या पुढच्या बैठकीत कलम २बचा कागद घेऊन जा. कागदाची झेरॉक्स मी त्याला काढून दिली आहे.