वटवट्याच्या घरी वाढणारी कारुण्य कोकिळा

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या शिवारात एक बारीक, चढत जाणारी शीळ सुरू होते. कधी उसाच्या बांधावरून, कधी विद्यापीठाच्या माळावरून, कधी पन्हाळ्याच्या उतारावरून. शीळ घालणारी ही कारुण्य कोकिळा तारेवर किंवा वाळक्या शेंड्यावर उघडी बसते, तरी चटकन दिसत नाही. लांबीला साळुंकीएवढी, अंगानं सडपातळ, रंग राखी. माद्या मात्र काही राखी, तर काही तांबूस पट्टेरी.

ही घरटं बांधत नाही. अंडं घालते वटवट्या या इवल्या पक्ष्याच्या नाहीतर शिंपी पक्ष्याच्या घरट्यात, आणि त्या अंड्याचा रंगही बहुधा यजमानाच्या अंड्यांशी जुळतो. पिल्लाचं वागणं त्याहून थक्क करणारं. युरोपातल्या कोकिळेबाबत देवीच्या लसीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी ते १७८८ मध्ये लिहून ठेवलं. डोळे न उघडलेलं, उघडंनागडं पिल्लू पाठीवरच्या खळग्यात अंडं घेतं, मागं सरकत घरट्याच्या कडेवर चढतं आणि अंडं बाहेर लोटतं. कारुण्य कोकिळेच्या जवळच्या जातींतही हीच रीत आहे. मग सात-आठ ग्रॅमचा वटवट्या आपल्याहून कितीतरी मोठ्या पिल्लाच्या उघड्या चोचीत जवळजवळ डोकं घालून अळ्या भरवत राहतो.

सगळे नातेवाईक मात्र असे नाहीत. चातक आणि पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, पण चातकाचं पिल्लू सातभाईंच्या पिल्लांना ढकलून देत नाही, त्यांच्याबरोबरच वाढतं. कोकीळ कावळ्याकडे जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. आणि आपला भारद्वाज याच कुळातला असून स्वतःचं घरटं बांधतो, पिल्लंही स्वतः वाढवतो. जगातल्या या कुळाच्या सुमारे १५० जातींपैकी साधारण ६० जातीच दुसऱ्यांच्या घरट्यावर विसंबतात.

म्हणून कोकिळेला आळशी आणि यजमानाला भोळा म्हणणं मला पटत नाही. घरट्यात अंडं घालणारी कोकिळा दिसली की वटवट्यासारखे इवले पक्षी कलकलाट करून तिच्या अंगावर धावून जातात. मग काही माद्या तांबूस का? युरोपातल्या कोकिळेतही राखी आणि तांबूस अशा दोन्ही माद्या असतात. तिथल्या प्रयोगांत दिसलं, की शेजारी ज्या रंगाच्या कोकिळेवर तुटून पडतात, तोच रंग यजमान पक्षी शत्रू म्हणून शिकतात. दुसऱ्या रंगाची मादी तेवढ्यात निसटू शकते. कारुण्य कोकिळेच्या तांबूस माद्यांमागंही हेच कारण असावं, असं मला वाटतं.