कक्षेतील सूक्ष्मजीव-शोध

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकाबाहेर सापळे आणि नमुने लावून दोन गोष्टी तपासण्याची पद्धत. अवकाशातली धूळ सेंद्रिय संयुगे किंवा सूक्ष्मजीव वाहून आणते का, आणि उघड्या अवकाशात सूक्ष्मजीव तग धरतात का.

तगून राहण्याचे उदाहरण कोकणात पायाखालीच आहे. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या कातळसड्यांवर उन्हाळ्यात दिसणारा काळपट थर बहुतांशी नीलहरित शेवाळाचा असतो. महिनोन्‌महिने वाळून तापलेला हा थर मृगाच्या सरींनी पुन्हा जागा होतो. वाळताना पेशीतला डीएनए तुटतो, अवकाशातल्या प्रारणानेही (घातक किरणांनी) तुटतो. एक तुटफूट सांधणारी यंत्रणा बहुधा दुसरीलाही पुरते. म्हणूनच प्रयोगांसाठी कोरडेपणा सोसणारे जीव निवडले जातात. भातखाचरात नत्र स्थिर करणाऱ्या नॉस्टॉक या शेवाळाचा एक वाण जपानच्या तानपोपो प्रयोगात होता.

तानपोपो 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या किबो प्रयोगशाळेबाहेर सुरू झाला. सापळा म्हणजे सिलिकाचे एरोजेल, म्हणजे बहुतांशी हवाच असलेला अतिशय हलका घन पदार्थ. वरच्या थराची घनता घन सेंटिमीटरला सुमारे 0.01 ग्रॅम, म्हणजे लिटरभर जेलचे वजन जेमतेम 10 ग्रॅम. स्थानक सेकंदाला 7.7 किलोमीटर वेगाने जाते आणि कण त्याहूनही वेगात आदळू शकतात. कठीण पत्र्यावर असा कण क्षणात वितळतो किंवा वाफ होऊन जातो. जेलमध्ये तो बोगदा पाडत हळूहळू थांबतो. तरी पृष्ठभाग होरपळतोच, म्हणून शाबूत गाभ्याचा कण मिळणे मोलाचे. पृथ्वीवर आणल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बोगदे शोधतात, कणासह जेलचा तुकडा कापून काढतात आणि खनिजे, सेंद्रिय संयुगे व डीएनए तपासतात.

खरी अडचण शुद्धतेची. पाणी रोखण्यासाठी प्रक्रिया केलेल्या जेलमध्ये मिथाइल गट असतात, म्हणजे सापळ्यातच कार्बन. स्थानकाच्या रंगाचे कण आणि इंजिनांचे उत्सर्जनही जेलवर बसते. म्हणून अवकाशात उघडे न ठेवलेले जेल तुलनेला ठेवावे लागते. अमिनो आम्ल सापडले तरी समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) प्रमाण आणि एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या डाव्या-उजव्या रेणूंचे गुणोत्तर पाहिल्याशिवाय ते पृथ्वीबाहेरचे म्हणता येत नाही.

तगण्याच्या भागात डायनोकॉकस जीवाणूंचे वाळवलेले गोळे 1 ते 3 वर्षे उघडे ठेवले. 0.1 मिलिमीटर जाडीच्या थरातले सगळे मेले, 0.5 मिलिमीटर आणि त्याहून जाड गोळ्यांत वरच्या पेशी मेल्या, पण त्यांच्या आड खालच्या जगल्या. अतिनील किरण हा मुख्य मारक, निर्वात नव्हे. याआधी नमुने दीर्घकाळ अवकाशात उघडे ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एलडीईएफ उपग्रहावर (1984–1990) अतिनीलपासून झाकलेले बॅसिलस सब्टिलिस या जीवाणूचे बीजाणू जवळपास 6 वर्षे टिकले होते.

कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने 2005 मध्ये 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. त्यातून जीवाणूंच्या 3 नव्या जाती मिळाल्या. 2009 मध्ये त्या जाहीर झाल्या. ही उंची कक्षेच्या फार खाली असल्याने हे जीवाणू पृथ्वीवरूनच वर गेले असण्याची शक्यता उरते. कक्षेतल्या जेलमधूनही बाहेरून आलेला जिवंत सूक्ष्मजीव मिळाल्याचे सिद्ध झालेले नाही.